गावच्या घराला जनरेटर: किती केव्हीए घ्यायचा आणि जोडायचा कसा?

आंजर्ले_ते_पुणे

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो कारण अर्धवट माहिती दिली की उत्तरं पण अर्धवट येतात. आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून दीडेक किलोमीटर आत, जुनं जांभ्याचं कौलारू घर आणि मागे स्लॅबच्या दोन नवीन खोल्या. आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्याला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत लाईट यायला २३ दिवस लागले होते. तेव्हा बाबा धडधाकट होते, विहिरीचं पाणी शेंदून दिवस काढले त्यांनी. आता त्यांना फुप्फुसाचा त्रास आहे, डॉक्टरांनी दिवसाचे १५-१६ तास ऑक्सिजन सांगितलाय, घरी ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं, विजेवर चालणारं मशीन) आहे. म्हणून या पावसाळ्याच्या आत जनरेटर बसवायचाच असं ठरवलंय.

मीटर सिंगल फेज. घरात एलईडी १२, पंखे ५, २५० लिटरचा फ्रिज, टीव्ही, वायफाय, मिक्सर, बाबांच्या खोलीत दीड टनाचा एसी (जुना आहे, इन्व्हर्टरवाला नाही), बोअरवेलमध्ये दीड एचपीचा सबमर्सिबल पंप, आणि २ किलोवॅटचा गिझर. तालुक्याला एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले डोळे झाकून १५ केव्हीए (जनरेटरची ताकद मोजायचं माप) घ्या, पुढे टेन्शन नको. आमचा चुलतभाऊ म्हणतो एवढं कशाला, अडीच केव्हीएचा पेट्रोलवाला आण, मागच्या पडवीत ठेव आणि दोन्ही टोकांना थ्रीपिन लावलेली वायर करून घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये खोच, मेन स्विच तेवढा बंद ठेवायचा, त्याच्याकडे असंच चालतं म्हणे. दोघांच्या मधलं खरं काय ते कळत नाहीये. प्लीज अनुभवी लोकांनी सांगा.

वायरमन_चिपळूण

दादा, लायसन्सवाला वायरमन आहे, २० वर्षं हेच काम करतोय. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, पण चुलतभावाचा जीवघेणा आहे, त्यावर कोणी ना कोणी लिहीलच, मी साईजचं सांगतो.

तुमच्या घरात जनरेटरचा आकार ठरवणार तो पंप. बाकी सगळं मिळून काही नाही. दिवे ११० वॅट, पंखे साधे असतील तर ७५ प्रमाणे ३७५, फ्रिज चालू असताना दीडशे, कॉन्सन्ट्रेटर साडेतीनशे, टीव्ही-वायफाय शंभर, म्हणजे अकराशे वॅटच्या आत-बाहेर, पाचेक अँपियर. पंप मात्र दीड एचपी लिहिलाय म्हणजे ११०० वॅट असं धरू नका, ती मोटरच्या शाफ्टवरची ताकद झाली, तो लाईनवरून ओढतो दोन किलोवॅटच्या घरात. आणि सुरू होताना पहिल्या सेकंदाला चालू करंटच्या चौपट-पाचपट. त्या एका सेकंदात छोटा जनरेटर गुदमरतो, व्होल्टेज बसतं, पंप नुसता हुंकार देत राहतो आणि कपॅसिटर किंवा वाइंडिंग जळतं. अडीच केव्हीएवर तुमचा पंप सुरूच होणार नाही.

आता १५ केव्हीए का नको ते ऐका, कारण हे दुकानदार सांगत नाहीत. रात्री तुमचा लोड असणार हजार-बाराशे वॅट. १५ केव्हीए म्हणजे १२ किलोवॅट, म्हणजे इंजिन दहा टक्के लोडवर तासन् तास फिरणार. डिझेल इंजिनला हे सोसत नाही, ते पुरेसं तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमधून काळं ओलं तेल टपकायला लागतं, इंजेक्टर-व्हॉल्व्हवर काजळी बसते. निदान ३०-४० टक्के लोड तरी पाहिजे त्याला. वर डिझेल जास्त पिणार ते वेगळंच.

अंदाजाने काही घेऊ नका. क्लॅम्प मीटर असलेला वायरमन बोलवा आणि पंपाचा चालू करंट आणि सुरू होतानाचा करंट दोन्ही मोजून घ्या. साध्या क्लॅम्पवर सुरुवातीचा आकडा सापडत नाही, मीटरला इनरशचं बटण असलं पाहिजे. पंप चालू करताना बटण दाबून ठेवायचं. एसीचं पण तसंच. आकडे इथे टाका, मग सांगतो. गिझर विसरा, जनरेटरवर गिझर चालवायचा नसतो, चूल आहे ना.

खांबावरचा_निवृत्त

बाळा, मी ३१ वर्षं लाईनवर काम करून रिटायर झालो. ती दोन्हीकडे थ्रीपिनवाली वायर घरात असेल तर आजच्या आज कापून टाक, आणि चुलतभावाला पण सांग.

नीट समजून घे काय होतं ते. तू सॉकेटमधून घरात करंट सोडलास आणि मेन स्विच बंद करायला विसरलास, किंवा तुझ्या आईने अंधारात लाईट आली का बघायला वर केला, तर तो करंट मीटरमधून उलटा खांबावर जातो. खांबावरून ट्रान्सफॉर्मरला. ट्रान्सफॉर्मरला उलट-सुलट कळत नाही, तो एका बाजूने ११,००० चे घरात येतील इतके करतो तसाच घरातल्या २३० चे परत ११,००० करतो. लांबच्या गावात एखादा पोरगा लाईन बंद आहे म्हणून हातात तार धरून उभा असतो. आम्ही काम सुरू करायच्या आधी लाईन अर्थ करतो, डिस्चार्ज रॉड लावतो, पण वादळानंतर शेकडो तुकडे झालेले असतात तारांचे, कुठला तुकडा कुणाच्या घराला जोडलेला राहिलाय हे वरून दिसत नाही.

निसर्गच्या वेळी माझ्याबरोबरचा एक जण असाच खांबावर होता. आम्ही सब-स्टेशनमधून परमिट घेतलेलं, लाईन बंद. खालच्या एका घरात जनरेटर सुरू झाला आणि वर तो एकदम आखडला. बेल्ट होता म्हणून लटकून राहिला, पडला नाही. आम्ही खाली घेतलं तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पांढरी पडलेली होती, भाजलेल्या कातडीचा वास अजून माझ्या नाकात आहे. वाचला तो. पण ज्या घरातून आलं त्या लोकांना पत्ताच नव्हता, चहा करत होते बिचारे. वाईट लोक नव्हते, कोणी सांगितलंच नव्हतं त्यांना.

म्हणून चेंजओव्हर स्विच बसवायचाच. त्यात तीन जागा असतात, महावितरण, बंद आणि जनरेटर, दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत, खटका एकच असतो. आणि सिंगल फेजला दोन पोलचाच घे, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. काही वायरमन फक्त फेज फिरवतात आणि न्यूट्रल एकत्र ठेवतात, तसं करू द्यायचं नाही. सलग राहिलेल्या न्यूट्रलमधून पण व्होल्टेज बाहेर जाऊ शकतं. मेन स्विच बंद करायचं "लक्षात ठेवू" या भरवशावर कुणाचा जीव ठेवू नकोस, एवढीच विनंती.

गुहागरची_माई

आमचं छोटं होमस्टे आहे, साडेसात केव्हीएचा डिझेल सेट सहा वर्षं वापरतेय, त्यामुळे बसवण्याचं मला थोडं कळतं. पहिली गोष्ट, पडवीत ठेवायचा नाही म्हणजे नाही. पेट्रोलचा असो की डिझेलचा. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही रंग नाही, माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठतच नाही. पडवी तीन बाजूंनी उघडी आहे असं म्हणाल, पण पावसात तुम्ही ताडपत्री लावणार, आणि कौलांच्या फटीतून धूर थेट माळ्यावर आणि तिथून खोलीत उतरतो. तुमच्या वडिलांचा त्रास बघता तर अजिबात नको. कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा ओढतो हे विसरू नका.

आमचा घरापासून २० फुटांवर, मागच्या अंगणात, खिडक्या नाहीत त्या भिंतीच्या बाजूला आहे. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो म्हणून धुराचं तोंड ईशान्येला केलंय, नाहीतर वारा धूर उलटा घरात ढकलतो आणि पाऊस सायलेन्सरमध्ये शिरतो तो वेगळाच. खाली काँक्रीटचा ओटा, २०२१ च्या तौक्ते वादळाच्या वेळी अंगणात जिथवर पाणी चढलं होतं त्याच्यापेक्षा एक फूट उंच. वर पत्र्याची शेड पण चारी बाजू मोकळ्या, इंजिनला हवा लागते, गरम हवा बाहेर जायला जागा लागते. सेट साउंडप्रूफ डब्यातला आहे म्हणून त्याला खोलीत कोंडणारे लोक बघितलेत मी, तापून बंद पडतो मग.

आणि उंदीर! पहिल्या वर्षी सप्टेंबर ते मे सेट चालूच केला नव्हता. पावसाआधी डबा उघडला तर अल्टरनेटरच्या (सेटमधला करंट तयार करणारा भाग) जाळीपाशी नारळाच्या काथ्याचं हे एवढं घरटं, आत चार लालबुंद पिल्लं, आणि बॅटरीकडे जाणारी वायर तांब्यापर्यंत कुरतडलेली. तेव्हापासून केबल जिथून आत जाते ते भोक स्टीलच्या जाळीने बंद केलंय आणि दर रविवारी सकाळी १५ मिनिटं सेट चालवते, तो पण रिकामा नाही, पंप लावून. खाऱ्या हवेने बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवं चढतं, ते पुसून पेट्रोलियम जेली लावते. पहिलं ऑइल ५० तासांनी बदललं, नंतर पुस्तिकेप्रमाणे.

डिझेलचं सांगते. निसर्गनंतर पंपावरच लाईट नव्हती, मग डिझेल कुठून मिळणार? साडेसातला अर्ध्या लोडवर तासाला सव्वा ते दीड लिटर धरा. मे महिन्यातच २०० लिटरचा बॅरल भरून ठेवा, घरापासून लांब, सावलीत, आडवा नाही उभा आणि बूच घट्ट. बॅरलच्या तळाला पाणी साचतं, म्हणून हातपंपाची नळी तळापासून चार बोटं वर ठेवायची आणि ओतताना गाळणी. पेट्रोल असं साठवायचं धाडस करू नका, त्याची वाफ लांबवर जाऊन पेट घेते. मला पेट्रोलपेक्षा डिझेल बरं वाटतं त्याचं हे पण एक कारण आहे.

सौरप्रेमी_नाशिक

ऑक्सिजनचा विषय आहे म्हणून लिहितोय. नुसत्या जनरेटरवर कॉन्सन्ट्रेटर ठेवू नका. रात्री दोनला लाईट गेली, बाहेर धो धो पाऊस, तर आई उठणार, छत्री घेऊन मागच्या अंगणात जाणार, सेट चालू करणार, परत येऊन चेंजओव्हर फिरवणार. दहा मिनिटं सहज जातात. ऑटोमॅटिक पॅनल बसवलं तरी सेट सुरू होऊन लोड घ्यायला १०-१५ सेकंद जातात आणि एखाद्या दिवशी बॅटरी उतरलेली असते. म्हणून मधे प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर पाहिजेच. दोन १५० एएचच्या (अँपियर-तासाच्या) बॅटऱ्या, २४ व्होल्टला. कागदावर ३६०० वॅट-तास होतात, हातात येतात २२००-२४००. त्यावर फक्त कॉन्सन्ट्रेटर, एक पंखा, एक दिवा, म्हणजे ४०० वॅट ठेवलंत तर साडेपाच तास निघतात. बॅटरी भरायला मात्र सात-आठ तास लागतात, साधा इन्व्हर्टर १५ अँपियरने चार्ज करतो. आणि डॉक्टरांना विचारून भरलेला एक सिलिंडर रेग्युलेटरसकट घरात ठेवाच, मशीनच बंद पडलं तर ना जनरेटर कामाचा ना इन्व्हर्टर.

अजून एक, पुढेमागे छतावर सोलर बसवणार असाल तर साधं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं, सोलर लाईट गेली की स्वतःहून बंद होतं, भर उन्हात सुद्धा. ते मुद्दामच तसं केलेलं असतं, वर काकांनी सांगितलं त्याच कारणासाठी, लाईनवर करंट जाऊ नये म्हणून. खूप जणांना हे वादळानंतर कळतं. आणि तो सोलर चेंजओव्हरच्या महावितरणच्या बाजूलाच जोडायचा, घराच्या बाजूला नाही. नाहीतर जनरेटर चालू झाला की सोलर त्यालाच ग्रिड समजून जोडला जातो, लोड कमी असेल तर करंट उलटा जनरेटरमध्ये ढकलतो आणि अल्टरनेटरची वाट लागते.

आंजर्ले_ते_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, ती वायर अजून केलेली नव्हती, पण चुलतभावाच्या घरची रविवारी मी स्वतः जाऊन कापली, तुमची पोस्ट त्याला वाचून दाखवली. तो पण गप्प झाला.

माई, जागा बघितली, घराच्या मागे ईशान्येला फणसाच्या पलीकडे मोकळी आहे, तिथे ओटा बांधतोय.

चिपळूणचे दादा, आकडे घेतले. पंप चालू ९.४ अँपियर, सुरू होताना ३६. एसी चालू ७.१, सुरू होताना ३१. व्होल्टेज तेव्हा २२६ होतं. आता सांगा. आणि अर्थिंगचं पण सांगा, आमच्याकडे सगळा जांभा आहे, तीन फुटांवर कातळ लागतो.

वायरमन_चिपळूण

शाब्बास, असे आकडे दिले की काम सोपं होतं.

घरचे ५ आणि पंपाच्या सुरुवातीचे ३६ म्हणजे त्या क्षणाला ४१ अँपियर. ५ केव्हीए सेट २३० व्होल्टला देतो पावणेबावीस, म्हणजे जवळपास दुप्पट ओढ, पंप कदाचित उठेल पण व्होल्टेज इतकं बसेल की कॉन्सन्ट्रेटर अलार्म देईल. साडेसात देतो ३२ च्या वर, त्याला ४१ चा एक झटका आरामात झेपतो. म्हणून साडेसात केव्हीए डिझेल, सिंगल फेज. १० ची गरज नाही. पंप चालू असताना एसी बंद ठेवायचा, टाकी भरली की मग एसी. दोन्ही मोटरी एकदम सुरू व्हायला नकोत. पुढे एसी बदलाल तेव्हा इन्व्हर्टरवाला घ्या, तो हळूहळू उठतो, एवढा झटका देत नाही.

वादळाच्या दिवसांत असं करा. सकाळी चार-पाच तास आणि संध्याकाळी चार-पाच तास सेट, त्यातच पंप, फ्रिज, बॅटरी चार्जिंग सगळं, म्हणजे इंजिनवर लोड पण चांगला राहतो. मधल्या रात्री पाच-साडेपाच तास इन्व्हर्टर. वडिलांचे १५ तास यात बसतात आणि बॅरल १३-१४ दिवस पुरतो. जुना पडून राहिलेला सेट स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, १ जुलै २०२३ पासून जनरेटरच्या धुराचे नियम बदललेत, प्लेटवर कुठल्या नियमाचा आहे ते वाचून घ्या.

केबल ओट्यापासून बोर्डापर्यंत साधारण २५ मीटर होईल, तांब्याची १० स्क्वेअर एमएम टाका, ६ ने चालेल म्हणणारे भेटतील पण लांबी आहे, व्होल्टेज वाटेत पडतं. जमिनीतून नेणार तर आर्मर्ड (धातूच्या कवचाची), अडीच फूट खोल, वर विटा. चेंजओव्हर ६३ अँपियर दोन पोल, मीटरच्या पुढे आणि घरच्या डीबीच्या (आतल्या एमसीबींच्या बोर्डाच्या) आधी. सेटवर ४० चा एमसीबी.

अर्थिंगवर पैसे वाचवू नका. सेटच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ आणि न्यूट्रलला वेगळे. जांभ्यात रोड ठोकून भागत नाही, बोअर मारून खाली मातीचा ओलसर थर लागेपर्यंत जायचं आणि रसायन भरायचं, मग अर्थ टेस्टरने मोजायचं, मे महिन्यात मोजा, पावसात सगळेच आकडे चांगले येतात. न्यूट्रल अर्थ करण्याचं कारण नीट ऐका. आपण दोन पोलचा चेंजओव्हर लावतोय, म्हणजे जनरेटरवर गेलं की महावितरणचा न्यूट्रल तुटला. मग जनरेटरचा न्यूट्रल सेटपाशी जमिनीला बांधलेला नसेल तर घरातला आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) कामाचाच राहत नाही, फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरला तरी तो पडणार नाही. आणि आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबलं की तो पडतो म्हणून समाधान मानू नका, ते बटण अर्थवर चालत नाही, न्यूट्रल मोकळा असला तरी पडतं. सेट चालू ठेवून मीटरने फेज ते अर्थ मोजा, २३० च्या आसपास आलं पाहिजे. ११० वगैरे तरंगतं काहीतरी दिसलं तर न्यूट्रल बांधलेला नाही.

आंजर्ले_ते_पुणे

महिन्याने लिहितोय. साडेसातचा सेट काल चालू झाला. अर्थ बोअर २२ फूट गेला तेव्हा ओल लागली, अर्थ टेस्टरवर २.८ ओहम आले. फेज ते अर्थ २२९. मी मीटर धरून उभा होतो, रिकामा असताना २३१ आणि ५२ हर्ट्झ, पंप लावला तसं क्षणभर १९८ झालं आणि लगेच २२८ वर स्थिरावलं, कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टरवर होता त्याला कळलंही नाही. धूर फणसाकडे जातोय.

चेंजओव्हर आईच्या उंचीला लावून घेतला आणि तिन्ही जागांवर मराठीत मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं. आईने तीनदा माझ्यासमोर फिरवून बघितला, आधी मधल्या जागेवर आणून थांबायचं, सेटचा आवाज एकसारखा झाला की मग खाली. तिसऱ्या वेळी मी काही बोललोच नाही. आता रविवारचं १५ मिनिटं चालवण्याचं काम तिने स्वतःकडे घेतलंय, कॅलेंडरवर पुढच्या आठही रविवारांवर खूण करून ठेवली आहे.

खांबावरचा_निवृत्त

बाळा, आईंना माझा नमस्कार सांग. आणि मीटरच्या पेटीवर बाहेरून दिसेल असं लिहून ठेव की या घरात जनरेटर आहे. लाईनवाला पोरगा आला की आधी तेच बघतो.